‘जगातली पहिली’ म्हणजे नेमकं काय?



आमच्या पुंडलिकनगरात एखादं जुनं घर पाडून तिथे नवी इमारत उठताना मी जाता-येता बघत असतो. तुम्हीही पाहिलं असेल. आधी कॉलम, मग बीम, मग स्लॅब. विटांच्या भिंती सगळ्यात शेवटी. कारण वजन सांगाडा पेलतो; भिंत म्हणजे नुसता आडोसा. आजची पोस्ट या सांगाड्याच्या इतिहासावर, आणि सिनॉप्सिस लिहिताना आपण सहज वापरतो त्या ‘पहिला’ या शब्दावर.

जगातली पहिली गगनचुंबी इमारत कोणती? पाठ केलेलं उत्तर असं: शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, 1885, अभियंता विल्यम ल बॅरन जेनी. 10 मजले, 138 फूट. आता विचारा, पहिली कशात?

उंचीत? मग आपल्या दौलताबादचा चांद मिनार बघा. 1445 चा, उंची सुमारे 210 फूट. म्हणजे नुसती उंची हा निकष पुरत नाही.

मजल्यांत? शिकागोतच 1891 मध्ये मोनॅडनॉक बिल्डिंगचा 16 मजली भाग उभा राहिला, आणि तोही विटांच्या भिंतींवर! वरचं वजन पेलायला तळाशी भिंत जवळपास 6 फूट जाड करावी लागली. म्हणजे जितकं वर जाल, तितकी खालची वापराची जागा भिंत खाणार. सांगाड्याची गरज का पडली, हे या एका आकड्यात कळतं.

मग सांगाड्यात पहिली? तर मुंबईत चला. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, आजचं एस्प्लनेड मॅन्शन. रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने आराखडा केला, बिडाचे भाग इंग्लंडमध्ये ओतले गेले, जहाजाने मुंबईत आले आणि 1860 च्या दशकात जोडले गेले. 1896 मध्ये ल्युमिए बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले, ते इथेच. म्हणजे जेनीच्या आधी दीड-दोन दशकं मुंबईत लोखंडी सांगाड्याची इमारत होती. उलट जेनीच्या इमारतीत काही भार दगड-विटांच्या बांधकामावरही होता.

मग ‘पहिला मान मुंबईचा’ असं लिहून टाकायचं का? थांबा, ती पुन्हा तीच चूक. वॉटसन हॉटेल पाचच मजली. गगनचुंबी इमारतीला सांगाडा लागतो, तसंच पोलाद लागतं, भरवशाची लिफ्ट लागते आणि शहराच्या मध्यातली महागडी जमीन लागते. हे सगळं जुळून आलं तेव्हा 1913 मध्ये न्यूयॉर्कची वूलवर्थ बिल्डिंग 792 फुटांवर पोचली. एका तारखेला, एका माणसाने लावलेला हा शोध नाही.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही ‘मराठवाड्यातील पहिला अभ्यास’ असं ठोकून दिलं होतं. गाईडने पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘कशात?’ त्या एका शब्दापायी अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. पण खरा संशोधन-प्रश्नही मला तिथेच सापडला. म्हणून सांगतो, आधी व्याख्या लिहा, मग निकष ठरवा, दावा शेवटी.

आणखी एक गोष्ट. होम इन्शुरन्स बिल्डिंग 1931 मध्ये पाडली, तेव्हा तज्ज्ञांनी तिचा सांगाडा उघडून तपासला. आता तिच्याबद्दलचे वाद कागदावरच चालतात. पुरावा उरलेला नाही. वॉटसनच्या इमारतीचा काही भाग 2005 मध्ये कोसळला, जीव गेला. पाडायची की वाचवायची, हा वाद 2019 मध्ये उच्च न्यायालयापुढे होता. लोकांची सुरक्षितता आधी, यात शंकाच नाही. पण ती इमारत हाच मूळ दस्तऐवज आहे. जुनी वही निदान झेरॉक्स करून ठेवता येते, बिडाचा खांब नाही.

मुंबईला गेलात की काळा घोड्याला जा, रस्त्यावरूनच तो सांगाडा बघा. आणि परत आलात की तुमच्या सिनॉप्सिसमधला ‘पहिला’ शोधून त्याच्यापुढे लिहा: कशात?