घर तुमचं, जागा दुसऱ्याची: अमेरिकेतल्या मोबाइल होमची गोष्ट

मागच्या महिन्यात कॉलेजातल्या एका मित्राचा टेक्सासहून फोन आला. "अरे, इथे 20,000 डॉलरला एक जुनं मोबाइल होम मिळतंय. महिन्याला 900 डॉलर भाडं येईल. दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. घेऊ का?" गावाकडच्या घराचं कर्ज फेडायला बाजूला ठेवलेले पैसे तो यात घालणार होता. म्हणून मी त्याला लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. आधी या घरांचा इतिहास वाचून काढला. आजचा भाग त्याच्यावरच आहे.

मोबाइल होम म्हणजे कारखान्यात तयार होणारं, चाकांच्या सांगाड्यावर बसवून आणलेलं घर. याचं मूळ 1920 च्या दशकात आहे. अमेरिकन माणसाच्या हातात मोटार आली आणि तो तिच्यामागे ट्रेलर लावून फिरायला निघाला. तेव्हा ती सुट्टीची मजा होती. मग महामंदी आली, घरं गेली आणि काही लोक त्या ट्रेलरमध्येच राहू लागले. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रांच्या कारखान्यांजवळ कामगारांना राहायला जागाच नव्हती, तेव्हा सरकारने स्वतः हजारो ट्रेलर विकत घेतले. युद्ध संपलं, सैनिक परत आले, घरांची टंचाई तशीच राहिली.

खरा बदल 1954 च्या सुमारास झाला. तोपर्यंत ट्रेलर 8 फूट रुंद असायचे. विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्रे या उत्पादकाने 10 फूट रुंदीचं घर बाजारात आणलं. दोनच फुटांचा फरक, पण त्यामुळे आत खोल्या आणि पॅसेज नीट बसू लागले. आणि त्याच दोन फुटांमुळे ते आपल्या गाडीमागे ओढून नेणंही बंद झालं. त्यासाठी खास ट्रक आणि परवाना लागू लागला. म्हणजे नाव 'मोबाइल' पडलं तेव्हाच घर एका जागी बसायला लागलं होतं! आज असं घर हलवायचं तर हजारो डॉलर लागतात, आणि जुनं घर असेल तर दुसरं पार्क ते आत घेईलच असं नाही.

पार्क म्हणजे काय? एका मालकाची मोठी जमीन. तिच्यावर छोटे छोटे प्लॉट, पाणी, सांडपाणी आणि विजेची सोय. घर तुमचं, पण प्लॉटचं भाडं दर महिन्याला द्यायचं. याला म्हणतात लॉट रेंट. आता बघा, घर हलवता येत नाही आणि जमीन आपली नाही. मग मालकाने लॉट रेंट वाढवलं तर तुम्ही काय करणार? भरणार, नाहीतर घर पडेल त्या किमतीला विकून जाणार.

आपल्याकडे मुंबईत पागडीची खोली असते. तिथेही मालकी अशीच दोघांत वाटलेली, पण गणित बरोबर उलटं झालं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली आणि जमीनमालक अडकला. अमेरिकेत असं नियंत्रण फार थोड्या ठिकाणी आहे, त्यामुळे तिथे अडकतो तो घरमालक.

पुढची गोष्ट पैशांची. 1972-73 मध्ये ही घरं वर्षाला साडेपाच लाखांहून जास्त खपत होती. दर्जाच्या तक्रारीही तेवढ्याच होत्या. म्हणून 1974 मध्ये कायदा झाला आणि 15 जून 1976 पासून देशभर एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तारीख लक्षात ठेवा. त्याआधीच्या घराला कर्ज आणि विमा मिळणं आजही अवघड जातं.

1990 च्या दशकात या घरांसाठी कर्ज वाटण्याची लाट आली. घराखालची जमीन तुमची नसेल तर हे कर्ज गृहकर्जासारखं नसतं, ते गाडीच्या कर्जासारखं असतं. व्याज जास्त, संरक्षण कमी. ग्रीन ट्री नावाच्या कंपनीने तर किंमत दरवर्षी घसरणाऱ्या घरांवर 30-30 वर्षांची कर्जं दिली. 1998 मध्ये घरांची विक्री साडेतीन लाखांच्या वर गेली. त्याच वर्षी कॉन्सेको या विमा कंपनीने ग्रीन ट्री विकत घेतली. पण हप्ते थकत गेले, जप्त केलेल्या घरांचे ढीग लागले आणि डिसेंबर 2002 मध्ये कॉन्सेकोने दिवाळखोरीचा अर्ज केला. 2009 पर्यंत वर्षाची विक्री 50,000 च्या आसपास आली.

मग या धंद्यात टिकलं कोण? 2003 मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायरने क्लेटन होम्स घेतली. तिथे घर बनवणं, विकणं आणि कर्ज देणं, सगळं एकाच छत्राखाली. दुसरीकडे सॅम झेल यांच्यासारख्यांनी घरांच्या नादी न लागता त्यांच्या खालची जमीन घेतली. त्यांची पार्क कंपनी 1993 मध्ये शेअर बाजारात आली. घराच्या छताची दुरुस्ती रहिवाशाने करायची, मालकाने फक्त लॉट रेंट गोळा करायचं. मोठा पैसा जमिनीवर गेला आणि छोट्या गुंतवणूकदाराच्या हाती डबा राहिला.

आता मित्राचं गणित करू. आकडे फक्त उदाहरणासाठी. 900 डॉलर भाडं, वर्षात एक महिना घर रिकामं, म्हणजे 9,900. लॉट रेंट 450 प्रमाणे 5,400 गेले. कर, विमा, दुरुस्ती महिन्याला 200, म्हणजे 2,400. उरले 2,100. 20,000 वर साडेदहा टक्के. वाईट नाही! पण लॉट रेंट 100 ने वाढलं तर उरतात 900, म्हणजे साडेचार टक्के. आणि विकायला काढलं तेव्हा घराची किंमत कमी झालेली असेल, ते वेगळंच. तुमच्या नफ्याचं बटण दुसऱ्याच्या हातात आहे.

यावर एक उपायही इतिहासातच सापडतो. 1984 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मेरेडिथ इथे 13 कुटुंबांनी सहकारी संस्था काढून आपल्या पार्कची जमीनच विकत घेतली. आपल्या सहकारी सोसायटीसारखंच म्हणा. पुढे त्याच वाटेने अनेक पार्कं रहिवाशांच्या मालकीची झाली.

म्हणून कुठलीही भाड्याची मालमत्ता बघताना, ती ह्यूस्टनला असो की हिंजवडीला, भाडं किती हा प्रश्न नंतर विचारा. आधी तीन प्रश्न. जमीन कोणाची? खर्च वाढवायचा अधिकार कोणाचा? आणि उद्या नकोसं झालं तर बाहेर कसं पडणार?

मित्राने हे प्रश्न घेऊन पार्कच्या ऑफिसात चौकशी केली. नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं: घर भाड्याने देता येणार नाही. त्याच्या सगळ्या गणितात ही ओळच नव्हती. पैसे शेवटी गावाकडच्या कर्जात गेले.

तुमच्या घरी पागडीचा किंवा भाडेपट्ट्याचा असा काही किस्सा असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!