मालिकेच्या पोटातून मालिका

पोटकलम, पोटभाडेकरू, पोटकंत्राटदार हे शब्द आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांच्या रोजच्या तोंडचे. त्याच धर्तीवर, एका विनोदी मालिकेतील दुय्यम पात्र उचलून त्याच्यासाठी जी नवी मालिका उभी करतात, तिला आम्ही पोटमालिका म्हणतो. व्याख्यानमालेला हा विषय हलका, असे काही वडीलधाऱ्यांना वाटले. पण ज्या धंद्यावर हजारोंची चूल पेटते त्याचा इतिहास हलका कसा, हे आम्हांला उमगत नाही.

मराठी श्रोत्याला पहिली आठवण होते ती चिमणरावांची. चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे पंडित. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी कागदावर उभी केली. मास्टर विनायकांनी 1940 साली 'लग्न पहावे करून' या बोलपटात तिला पडद्यावर आणले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. त्या वेळी आमच्या नवीन पनवेलची वसाहत अजून उभी राहायची होती. 1977 साली दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ही जोडी घेऊन मालिका आली, आणि ज्याच्या घरी संच त्याच्या ओटीवर आळी गोळा होऊ लागली. तिच्यावरून पुढे 1979 साली चित्रपटही निघाला. परंतु याला पोटमालिका म्हणता येणार नाही. तेच कुटुंब बिऱ्हाड बदलत गेले, एवढेच. प्रभावळकरांचे टिपरे आबाही वृत्तपत्रातल्या 'अनुदिनी' सदरातून 2001 साली मालिकेत आले, तेही बिऱ्हाड हलवूनच.

खरी पोटमालिका निघते ती शेजारी, मोलकरीण, हवालदार अशा कडेच्या माणसांतून. तिचा उगम अमेरिकेच्या नभोवाणीत सापडतो. 'फिबर मॅगी अँड मॉली' या कार्यक्रमात गिल्डरस्लीव्ह नावाचा एक भांडकुदळ शेजारी होता. हॅरोल्ड पिअरी या नटाने त्यात असा जीव ओतला की 1941 साली त्या शेजाऱ्याला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. प्रायोजक होता क्राफ्ट हा खाद्यपदार्थांचा कारखानदार. 1950 साली पिअरी दुसऱ्या नभोवाणी कंपनीकडे गेला, तेव्हा त्याला पात्र बरोबर नेता आले नाही. क्राफ्टने तशाच आवाजाचा विलर्ड वॉटरमन उभा केला आणि कार्यक्रम चालू ठेवला. ज्याने हसू निर्माण केले तो बाहेर, आणि हसू मात्र मालकाच्या गोदामात! गिरणीत साचा मालकाचा असतो हे आम्हांला ठाऊक आहे. पण इथे नटाचा गळाच साचा ठरला.

दूरचित्रवाणीवर या कलेचा कळस झाला तो नॉर्मन लियर या निर्मात्याच्या हातून. 'ऑल इन द फॅमिली' ही 1971 ची मालिका, नायक मालधक्क्यावरचा मुकादम आर्ची बंकर. त्याच्या बायकोची नात्यातली फटकळ बहीण मॉड पाहुणी म्हणून आली. प्रेक्षकांना ती रुचते आहे असे पाहून एक सबंध भाग तिच्याच घरी घडवला, म्हणजे नव्या मालिकेची चाचणी जुन्याच्या खर्चात उरकली. 1972 साली 'मॉड' सुरू. मॉडच्या घरची मोलकरीण फ्लोरिडा. तिची 1974 साली 'गुड टाइम्स'. शेजारच्या जेफर्सन कुटुंबाची 1975 साली तिसरी. मोलकरणीची भूमिका करणाऱ्या एस्थर रोल यांनी एक अट घातली होती: काळ्या कुटुंबात बाप घरात दिसलाच पाहिजे. ती अट मान्य झाली, आणि शिकागोच्या गरीब वस्तीतले आईबाप आणि तीन मुले देशाने पाहिली. वाटाघाटीत मिळवलेल्या कलमाइतकेच आम्हांला तिचे मोल वाटते. पुढे 1976 साली बापाच्या भूमिकेतील जॉन एमस यांना निर्मात्यांशी मतभेद झाल्यामुळे काढले, आणि कथेत बाप अपघातात मारला गेला, ही दुसरी बाजू.

आपल्या देशात अस्सल उदाहरण हिंदीत आहे. 'भाभी जी घर पर हैं' (2015) मधला लाचखाऊ दरोगा हप्पूसिंग आपल्या नऊ पोरांचे आणि बायकोचे रडगाणे गायचा. ती माणसे मूळ मालिकेत जवळजवळ बोलण्यातलीच. 2019 साली 'हप्पू की उलटन पलटन' निघाली, ती याच बोलण्यातल्या बायकोपोरांना घर देऊन. लेखकाने जाता जाता टाकलेले वाक्य चार वर्षांनी दुकान होऊन बसले.

मग त्या वाक्याचे दाम कोणाला? अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने करारात कलम घालून घेतले आहे की निर्माण केलेले पात्र अन्य मालिकेत वापरले तर लेखकाला मोबदला द्यावा. हीच संघटना 2023 साली 148 दिवस संपावर होती. मुंबईतही 2008 साली चित्रपट-मालिका कामगारांच्या महासंघाने काम बंद केले तेव्हा वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले. 2012 साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रीकरणात वापरलेल्या लेखनाच्या मानधनातला लेखकाचा वाटा त्याला लिहून देऊनही टाकता येत नाही, असे ठरले. पात्राचा उल्लेख मात्र त्या कायद्यात नाही. हप्पूसारख्या कडेच्या माणसाने उद्या वेगळा संसार थाटला तर त्याच्या जन्मदात्याला काय मिळणार, हे अजूनही पहिल्या दिवशी सही केलेल्या कागदावरच अवलंबून आहे.