भिंत कोणाची, रंग कोणाचा?

२४ जून २०२१ च्या पहाटे फ्लोरिडातल्या सर्फसाइड गावात ‘शॅम्प्लेन टॉवर्स साउथ’ या बारा मजली इमारतीचा मोठा भाग कोसळला. १९८१ ची इमारत, १३६ फ्लॅट. ९८ माणसं गेली.

वाचलेल्या फ्लॅटमालकांचं घर तर गेलंच. शिवाय कायद्याच्या लेखी तेच इमारतीच्या असोसिएशनचे सभासद. असोसिएशनचा विमा जेमतेम पाच कोटी डॉलरचा. तो पुरला नाही, तर फ्लोरिडात फ्लॅटच्या किमतीपर्यंत सभासद जबाबदार धरला जाऊ शकतो. म्हणजे पीडितही तेच आणि देणेकरीही तेच! अखेर २०२२ मध्ये तडजोड झाली. फ्लॅटमालकांना ९.६ कोटी डॉलर, मृतांच्या कुटुंबीयांना आणि जखमींना १०० कोटींहून अधिक. ही दुसरी रक्कम मुख्यतः बाहेरच्या कंपन्या आणि त्यांच्या विमा कंपन्यांनी भरली.

हा घोळ मालकीच्या या प्रकारातच आहे. फ्लॅट तुमचा, पण खांब, गच्ची, पाया सगळ्यांचे. अमेरिकेत ही कल्पना रुजली ती प्वेर्तो रिकोच्या १९५८ च्या कायद्यानंतर. १९६१ मध्ये अमेरिकी सरकारने अशा फ्लॅटच्या कर्जांना हमी द्यायचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी राज्यांसाठी नमुना कायदा निघाला. आपला १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा (सोसायट्यांचा कायदा वेगळा) वाचताना, कॉपी-पेस्ट ओळखायची सवय असलेल्याला तो नमुना लगेच दिसतो. इमारतीचा विमा कधी काढायलाच हवा? घोषणापत्रात किंवा उपविधींत तसं असेल तर, बहुसंख्य मालकांनी मागितला तर, किंवा फ्लॅटवर पहिलं तारण असलेल्या सावकाराने सांगितलं तर. एकट्या मालकाला बहुमत जमवावं लागतं. बँकेला नुसती मागणी पुरते. हमी मुळात कोणाच्या पैशाची होती, ते इथे कळतं.

फ्लोरिडाने वाटणी अगदी बारकाईने केली आहे. भिंत असोसिएशनच्या विम्यात. तिच्यावरचा रंग, फरशी, स्वयंपाकघरातली कपाटं मालकाच्या. असोसिएशनने नुकसानीपोटी वर्गणी लावली, तर त्यासाठी मालकाच्या पॉलिसीत किमान २,००० डॉलरचं संरक्षण हवं. झिजलेल्या काँक्रीटच्या दुरुस्तीला मात्र यातला एक पैसाही मिळत नाही. शॅम्प्लेन टॉवर्समध्ये तशाच दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलर मंजूर झाले होते. प्रत्येक फ्लॅटमागे किमान ८०,००० डॉलर.

भरणा १ जुलैपासून सुरू व्हायचा होता.