पहिला बाण, दुसरा बाण



कापूस वेचणीचे दिवस आले की आमच्या बचत गटाच्या बैठकीत भिंतीजवळची जागा आधी भरते. पाठ टेकायला. पण "दुखतं का?" विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही ताई, चालायचंच." म्हणून आज पाठदुखीचीच एक जुनी गोष्ट सांगते.

आपल्या जळगावहून अजिंठा जवळच. तिथल्या 26 क्रमांकाच्या लेण्यात आडव्या झालेल्या बुद्धांची सुमारे 7 मीटर लांब मूर्ती आहे, पाचव्या शतकातली. हे महापरिनिर्वाण. खाली शिष्य शोक करताहेत आणि बुद्धांचा चेहरा शांत. बघून वाटतं, यांना कधी काही दुखलंच नसेल.

पाली ग्रंथ वेगळं सांगतात. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात बोलता बोलता रात्र झाली, तेव्हा बुद्ध आनंदाला म्हणाले, माझी पाठ दुखतेय, पुढचं तू सांग. आणि ते आडवे झाले. ऐंशीव्या वर्षी आपल्या शरीराला त्यांनी बांधून-बांधून चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा दिली. जीवक वैद्याचं औषधही ते घेत.

त्यांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. अंगाला होणारी वेदना हा पहिला बाण. तो सगळ्यांनाच लागतो. मग "माझ्याच नशिबी का, आता माझं कसं होणार" असा घोर आपण लावून घेतो, तो दुसरा बाण. हा दुसरा टाळता येतो.

ब्रह्मदेशातले व्यापारी सत्यनारायण गोएंका यांना अर्धशिशी इतकी होती की मॉर्फीनची इंजेक्शनं घ्यावी लागत. 1955 मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. गुरूंनी आधी नकार दिला: फक्त डोकेदुखीसाठी ही विद्या नाही, मन शुद्ध करायचं असेल तर या. पुढे 1969 मध्ये गोएंका भारतात आले आणि 1976 मध्ये आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. तिथे शिकवतात ते हेच: वेदना आली की तिच्याकडे शांतपणे बघा. ती बदलते, ओसरते.

पण मैत्रिणींनो, शांत राहणं म्हणजे लपवणं नव्हे. बुद्धांनी आधी सांगितलं, मग पाठ टेकली. तुम्हीही घरात सांगा, डॉक्टरांना दाखवा. रात्री झोप येत नसेल तेव्हा घडीभर श्वासाकडे लक्ष द्या.

पुढच्या बैठकीत मी पुन्हा विचारणार आहे. खरं सांगा.