पटावरून पडद्याकडे

माझ्या लहानपणीं दारव्ह्यास आजोळीं उन्हाळ्याच्या दुपारीं सारीपाट मांडला जाई. खेळणारे चार, पण पटाभोंवतीं माणसें दहा; आणि कवड्यांचें दान मोजण्यावरून जो वाद होई, तोच खरा रस. हें आरंभींच सांगतों, कारण व्हिडीओ खेळांचें नांव काढलें कीं कोपऱ्यांत एकटा बसलेला मुलगा आपल्या डोळ्यांपुढें येतो. तें चित्र खोटें नाहीं. पण त्या खेळांचा जन्म मात्र एकांतांत झालेला नाहीं.

१९५८ सालीं अमेरिकेंतील ब्रूकहेव्हन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम ह्या शास्त्रज्ञानें, भेटीस येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊं नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या इवल्याशा वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा खेळ रचला. लोकांनीं त्यासाठीं रांगा लावल्या. तो दोघांनीं खेळावयाचा होता. १९६२ चा 'स्पेसवॉर' हाहि दोघांचाच. पुढें राल्फ बेअर यांच्या कल्पनेंतून निघालेलें 'ओडिसी' हें घरगुती यंत्र १९७२ सालीं विक्रीस आलें. आपलें मुंबई दूरदर्शनहि त्याच वर्षीं सुरू झालें. ह्या यंत्राची मौज अशी कीं त्याला गुण मोजतां येत नसत! त्याच्या पेटींत फांसे, पत्ते आणि कागदी नोटा असत. टेलिव्हिजनच्या कांचेवर रंगीत पारदर्शक पत्रा लावला कीं मैदान तयार; गुण खेळणारांनींच लिहून ठेवावयाचे. म्हणजे यंत्रानें पटाचें काम करावें, भांडण माणसांनीं करावें. आमच्या सारीपाटाचा हा चुलतभाऊच म्हणावयाचा.

यंत्र स्वतःच प्रतिस्पर्धी होऊं लागलें, तेव्हांपासून दुसऱ्या माणसाची गरज उणावली. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्यें एका बाजूस एकटा खेळाडू, तर दुसऱ्या बाजूस यंत्राचें सैन्य. पण २००६ सालीं 'वी' हें यंत्र निघालें, आणि नुसता हात हलवून टेनिस खेळतां येऊं लागल्यामुळें आजीआजोबाहि पडद्यापुढें उभे राहिले. २००८ च्या नोव्हेंबरांत अमेरिकन ग्रंथालय संघानें ग्रंथालयांतून खेळांचा दिवस पाळण्यास आरंभ केला. त्यांत पटावरचे व पडद्यावरचे, दोन्ही खेळ होते.

आपल्याकडे मात्र उलट घडलें. सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, त्याचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरांशीं जोडते. त्याचे जुने पट हस्तलिखितांच्या संग्रहांत जपलेले आहेत, आणि त्यांवर जेकब श्मिट-मॅडसन ह्या डॅनिश अभ्यासकानें कोपनहेगन विद्यापीठास २०१९ सालीं प्रबंधहि सादर केला. पट ग्रंथालयांत गेला. खेळणारे बाहेर राहिले.

१९७३ व २०१९ अशीं दोन साहित्य संमेलनें यवतमाळनें भरविलीं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वयें पुसद, वणी, उमरखेड असल्या गांवांतील ग्रंथालयांनाहि शासनाचें अनुदान मिळूं शकतें. त्यांनीं रविवारीं दुपारीं एका खोलींत पडदा, दोन रिमोट आणि शेजारीं एक सारीपाट ठेवला, तर काय बिघडेल? ग्रंथखरेदीच्या पैशास हात लावूं नये, हें मला मान्य आहे. वाचनकक्षांतील गोंगाट तर मला स्वतःला मुळींच खपत नाहीं. तरीहि एक गोष्ट विसरवत नाहीं. शाळेंत असतांना एका वाचनालयाच्या ओसरीवर आम्हीं कॅरम मांडला होता. ग्रंथपालांनीं तो उचलून कपाटांत टाकला व कुलूप लावलें. त्यानंतर आमच्यापैकीं तिघे तेथें पुस्तक बदलावयासहि कधीं गेले नाहींत.