एसी चालू, मग पंखा बंद का?

आजचा भाग एका घरगुती भांडणापासून सुरू होतो.

२०१९ च्या मे महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या घरी पहिला एसी आला. बाबांनी रिमोटवर २० केलं आणि लगेच उठून पंखा बंद केला. पाच मिनिटं झाली नाहीत तोच आजी म्हणाली, "अरे, गार झालंय, पण वारा कुठंय? पंखा लाव की." बाबा म्हणाले, "आई, एसीत पंखा लावत नाहीत. सगळा गारवा उडून जातो." हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी म्हटलं असणार, पैज लावतो. मी मात्र आजीच्या वाक्यात अडकलो. "गार" वेगळं आणि "वारा" वेगळा, असं ती म्हणत होती. आणि या दोन यंत्रांचा इतिहास बघितला तर अगदी तेच दिसतं.

आधी वारा. वीज यायच्या आधी इंग्रजांच्या बंगल्यांत, कचेऱ्यांत, कोर्टात छताला लाकडी चौकट टांगलेली असायची, तिला कापडाची झालर. तिची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जायची आणि तिथे एक माणूस ती ओढत बसायचा, दिवसा आणि रात्रीही. हात दुखले की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पाय हलवायचा. आपला "पंखा" हा शब्द इंग्रजीत गेला तो याच वस्तूसाठी. दोरी ओढणारा उन्हातच बसलेला, वारा आतल्या साहेबाला.

आता विचार करा, पहाटे तीन वाजता त्या माणसाचा डोळा लागला तर? वारा थांबला की साहेब घामाघूम होऊन जागा व्हायचा. मग शिव्या, बूट, लाथा. अशा मारहाणीत पंखा ओढणारे मेल्याची प्रकरणं कोर्टात गेली आणि तिथे एक ठरलेला बचाव असायचा: मलेरियाने याची प्लीहा आधीच सुजलेली होती, जरासा धक्का लागला आणि फुटली. बरेच साहेब किरकोळ दंडावर सुटले. व्हाइसरॉय कर्झनलासुद्धा गोऱ्यांच्या या मारहाणीची लाज वाटायची, आणि कर्झन काही आपला कैवारी नव्हता. पंख्याच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट ही आहे. थंडगार झोपेची किंमत दुसऱ्याच्या जिवाने चुकती होत होती, आणि ती गारव्याची नव्हे, नुसत्या वाऱ्याची किंमत होती.

विजेच्या छताच्या पंख्याची गोष्ट अमेरिकेतली. शिलाई मशीनच्या मोटारीवर काम करणाऱ्या फिलिप डील यांनी १८८० च्या दशकात ती मोटार छताला टांगून तिला पाती लावली. १८९९ मध्ये कलकत्त्यात वीजपुरवठा सुरू झाला आणि दोरी ओढणाऱ्याची जागा हळूहळू बटणाने घेतली. मुंबईत १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडलं तेव्हा तिथे अमेरिकन पंखे होते, ही त्या काळची चैन!

आता गारवा. जुलै १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्याचा प्रश्न विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरकडे आला. दमट हवेत कागद फुगायचा, आक्रसायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. त्याने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातला ओलावा काढायची योजना आखली. म्हणजे बघा, आपला एसी जन्मला तो माणसासाठी नाही, कागदासाठी! माणसांना तो हळूहळू मिळाला. मुंबईचं १९३३ चं रीगल सिनेमागृह वातानुकूलित होतं. १९३४ मध्ये फ्रंटियर मेलच्या डब्यात थंड हवा आली तीही बर्फाच्या लाद्यांवरून पंख्याने फुंकलेली. एसी म्हणजे पंखा नको, हे आपल्याकडे कुठून आलं? माझा अंदाज, थिएटरांत आणि हॉटेलांत छत मोकळं दिसायचं, वारा भिंतीतल्या जाळीतून यायचा. घरी एसी आल्यावर गरगरणारा पंखा जुनाट, गरिबाचा वाटू लागला असावा.

गंमत अशी की पंखा खोली अजिबात गार करत नाही. उलट मोटार तापते तेवढी उष्णता खोलीत भरच घालते. तो गार करतो तुमची कातडी. अंगाभोवती गरम, दमट हवेचा पातळ थर साचतो. पंखा तो हटवतो आणि घाम सुकतो. घाम सुकायला हवा कोरडी हवी, आणि कॅरियरचं यंत्र नेमकं तेच करतं. म्हणून एसीच्या खोलीत पंखा जास्त चांगला काम करतो. (सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर तापलेल्या स्लॅबखालची हवा सुरुवातीला अंगावर येते, हे खरं. थोडा वेळ एसी चालू द्या, मग पंखा लावा.)

मग बाबा चुकले का? पूर्ण नाही. रिमोट २० वरच ठेवून वर पंखा लावला तर बिल वाढेलच. फायदा तेव्हा, जेव्हा पंखा लावून तुम्ही २० चे २५-२६ करता. सरकारी हिशेबाने एक अंश वर गेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी सुरू होताना २४ वर लागतात तेही त्यासाठीच. दीड टनाचा एसी जोरात चालताना साधारण १५०० वॅट खातो, साधा पंखा ७५, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. खोलीत कुणी नसेल तर पंखा बंद करा, रिकाम्या खुर्चीला घाम येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात हा हिशेब कागदावर मांडून बाबांपुढे ठेवला. ते काही बोलले नाहीत. रात्री बघितलं तर रिमोटवर २६ आणि पंखा तीनवर. मध्यरात्री आजीची हाक आली, "अरे, तो पंखा जरा कमी कर, थंडी वाजतेय."

पुढच्या भागात कूलर आणि वाळ्याच्या ताट्या, नाहीतर नागपूरकर मला सोडणार नाहीत.