घाटाखालचे व्रण

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जत स्टेशनात थांबली की तिला घाटासाठी मागून इंजिने जोडतात. तेवढ्या वेळात उतारू वडे घेतात, चहा पितात आणि गाडी हलली की बोगदे मोजू लागतात. मी त्या गाडीचा उतारू नव्हे. माझे घर खोपोलीचे. पळसदरीवरून जाणाऱ्या फाट्याच्या लोकलमध्ये माझे निम्मे आयुष्य गेले. घाट आम्ही खालून पाहिला, आणि खालून पाहणाऱ्याला बोगद्यांपेक्षा बोगदे खोदणारे आधी आठवतात.

माझ्या बाबतीत या आठवणीला एक निमित्त झाले. आमच्या आळीत एक काका राहत. पोलादाच्या भट्टीवर ते एका ठेकेदाराच्या हाताखाली होते. 1971 साली तापलेला रस उडून त्यांचा डावा गाल, कान आणि मान भाजली. डोळा वाचला. जखमा भरल्या, पण कातडी आखडून ओठाचा एक कोपरा वर ओढला गेला तो कायमचा. तीन महिन्यांनी ते त्याच पगारावर पुन्हा कामाला लागले. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. आळीत इंग्रजी वाचणारा म्हणून त्यांनी मला कर्जतच्या एका वकिलांकडे नेले. वकिलांनी कपाटातून कायद्याचे पुस्तक काढून माझ्या हाती दिले आणि मी त्यातला तक्ता मराठीत सांगू लागलो : अंगठा गेल्यास शेकडा 30, तर्जनी पूर्ण गेल्यास 14, चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता, 100. काका मध्येच म्हणाले, "अतिशय म्हणजे किती रे?"

मला उत्तर आले नाही. डॉक्टरांनी दाखल्यावर आधीच लिहून ठेवले होते की कमाईच्या शक्तीत घट नाही. आम्ही परत आलो.

हा तक्ता कुठून आला, याचा शोध मी पुढे पुष्कळ वर्षे घेतला. त्याची कथा आमच्या घाटापासूनच सुरू करता येते. बोरघाटाचे काम 1856 मध्ये सुरू झाले. 1859 च्या जानेवारीत मजुरीवरून मजुरांनी दंगल केली. पहिला ठेकेदार फॅव्हिएल याने त्याच वर्षी काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला आणि मग त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलबाईंनी, ठेका पुढे चालवला. 1861 च्या सुमारास घाटात 42,000 माणसे राबत होती. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मार्ग खुला केला. बोगदे 25, चढाव 1,831 फूट. हे आकडे आपल्याला नीट ठाऊक आहेत. परंतु सुरुंगाने किती जणांचे हात नेले, याचा आकडा आपल्यापाशी नाही. कारण त्याचा हिशेब ठेवणे कोणावर बंधनकारकच नव्हते. दुसऱ्याच्या चुकीने मरण आल्यास वारसांना दावा करू देणारा कायदा 1855 साली झाला होता. मात्र जखमी होऊन जिवंत राहिलेल्याला दिवाणी दाव्यावाचून वाट नव्हती, आणि दगड फोडणाऱ्याने साहेबावर दिवाणी दावा लावणे म्हणजे काय, हे सांगायला नकोच.

घाटाने यानंतर दुसरे काम पत्करले. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी खोपोलीस वीजघर उभारले. 1915 पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. 1922 मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर चालू झाले. आमच्या डोंगरावरचे पाणी असे मुंबईचे माग फिरवू लागले, आणि त्या मागांवरच्या माणसांची बाजू घेऊन जो उभा राहिला तोही याच जिल्ह्याचा. नारायण मल्हार जोशी यांचा जन्म 1879 मध्ये तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील गोरेगावचा. 1911 मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, 1919 मध्ये वॉशिंग्टनच्या कामगार परिषदेस ते गेले, आणि 1921 पासून दिल्लीच्या विधिमंडळात ते कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले. त्याच विधिमंडळात 1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि 1 जुलै 1924 पासून तो अंमलात आला. आता कामगाराला मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कामावर, कामामुळे इजा झाली एवढे पुरे होते.

त्या मूळ कायद्यातला तक्ता वाचताना आज नवल वाटते. उजवा हात कोपरापासून गेला तर शेकडा 70, डावा गेला तर 60. एक डोळा 30, अंगठा 25, तर्जनी 10. संपूर्ण अपंगत्वाला 42 महिन्यांचा पगार, तोही 3,500 रुपयांच्या आत. म्हणजे महिना 20 रुपये मिळवणाऱ्याची तर्जनी 84 रुपयांची! तरीही घाटातल्या मजुराला जे कधीच मिळाले नव्हते ते याला मिळाले : त्याची इजा कागदावर आली. चेहऱ्याचा उल्लेख मात्र या तक्त्यात नव्हता. यंत्राला हात लागतात, चेहरा लागत नाही, असाच त्याचा अर्थ. 1962 च्या दुरुस्तीने तक्ता नव्याने मांडला गेला. उजव्या-डाव्याचा भेद गेला आणि चेहऱ्याची ती एक ओळ आली.

काकांना त्या ओळीचा उपयोग झाला नाही. 1974 मध्ये ठेकेदाराचे काम संपले. त्यानंतर ते पाताळगंगेपासून खोपोलीपर्यंत किती फाटकांवर उभे राहिले ते मी पाहिले आहे. मुकादम हजेरीचे पुस्तक उघडी, मान वर करी आणि पुस्तक मिटून म्हणे, "जागा भरली." पुढे लग्नकार्यात काका पंगतीच्या टोकाला, भिंतीकडे डावा गाल करून बसू लागले.

माझी चूक मला फार उशिरा कळली. मी त्यांना तक्ता वाचून दाखवला. त्याच पुस्तकातली व्याख्या वाचलीच नव्हती. कायमच्या आंशिक अपंगत्वाची व्याख्या सांगते की, अपघाताच्या वेळी माणूस जी जी कामे करू शकत होता त्या प्रत्येक कामातली त्याची कमाईची शक्ती घटली का, हे पाहावे. म्हणजे प्रश्न केवळ जुन्या पगाराचा नव्हताच. नव्या फाटकाचाही होता. शिवाय तक्त्यात नसलेल्या इजेलाही प्रत्यक्ष घटीच्या प्रमाणात भरपाई मागता येत होती. दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, आणि सबळ कारण असल्यास उशीर माफ होण्याची सोयही होती. 1975 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ओरिसातील एका सुताराचा निकाल दिला. सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करताना पडून त्याचा डावा हात गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचे नुकसान शेकडा शंभर धरले. तक्ता दुय्यम ठरला, माणसाचा धंदा आधी पाहिला गेला. तो निकाल आमच्या आळीपर्यंत पोचला असता तर!

2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि शंभरी ओलांडलेला जुना कायदा तिच्यात विरून गेला. तक्ता नव्या संहितेतही आहे, चेहऱ्याची ओळही आहे. 'अतिशय' म्हणजे किती, हे तिथेही लिहिलेले नाही.

अजूनही खालापूरच्या कारखान्यांतून भाजलेली पोरे कागद घेऊन माझ्या ओट्यावर येतात आणि सवयीने आधी तक्ताच विचारतात. मी पुस्तक मिटून ठेवतो आणि अगोदर विचारतो, "बाबा, याआधी कायकाय कामे करीत होतास ते सांग." पोरगा बोटे मोजीत सांगू लागतो : गवंडीकाम, हॉटेलात वाढप्या, शेठच्या दुकानात गिऱ्हाईक बघणे. मी एकेक काम कागदावर लिहून घेतो. काकांसाठी हा कागद कोणी लिहिला नव्हता.